बंद नळाची गळती

वर्गात ट्रान्झिस्टर शिकवताना आम्ही शिक्षक एक सोयीचे वाक्य वापरतो: गेटवरचा व्होल्टेज उंबरठ्याखाली गेला की ट्रान्झिस्टर बंद. हे वाक्य अर्धेच खरे आहे. कार्व्हर मीड यांचे 'अ‍ॅनालॉग व्हीएलएसआय अँड न्यूरल सिस्टिम्स' (१९८९) हे पुस्तक त्या उरलेल्या अर्ध्यावर उभे आहे. म्हणून आजही ते शिक्षकांनी वाचावे असे आम्हांला वाटते. मात्र एका तक्रारीसह.

मीड हे तेव्हा अमेरिकेतील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे प्राध्यापक होते. लिन कॉनवे यांच्याबरोबर १९८० साली लिहिलेल्या पुस्तकातून त्यांनी एका पिढीला शून्य आणि एकच्या भाषेतल्या चिप आखायला शिकवले. नऊ वर्षांनी तेच लेखक या दोहोंमधल्या प्रदेशाकडे वळले.

उंबरठ्याखाली प्रवाह शून्य होत नाही. उष्णतेमुळे थोड्या इलेक्ट्रॉनांजवळ अडथळा ओलांडण्याइतकी ऊर्जा असतेच. डोंगर चढताना हवा विरळ होत जाते, पण एकदम संपत नाही, तसेच हे. गेटचा व्होल्टेज सुमारे ९० मिलिव्होल्टने उतरवला की प्रवाह एक दशांश होतो. गळती खरी, पण शिस्तीची! शिवाय खर्च केलेल्या प्रवाहाच्या मानाने गेटचा ताबा येथेच सर्वांत जास्त असतो. अल्पशक्तीच्या विवर्धकाचे, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरचे, मर्म हेच. ही वाट मीड यांच्याआधीच मळलेली होती. घड्याळांच्या देशात, स्वित्झर्लंडमध्ये, एरिक व्हिटोझ आणि झाँ फेलरात यांनी अशा परिपथांवरचा शोधनिबंध १९७७ मध्येच प्रसिद्ध केला होता. मनगटी घड्याळातल्या बटणाएवढ्या सेलला काटकसर करावीच लागते.

पुस्तकाचे बळ त्याच्या चढणीत आहे. पाच ट्रान्झिस्टरांच्या साध्या विवर्धकापासून निघून ते मिशा महोवाल्ड यांच्यासह घडवलेल्या सिलिकॉनच्या नेत्रपटलापर्यंत पोचते. एकही पायरी गाळलेली वाटत नाही.

आता तक्रार. काटकसरीची किंमत या पुस्तकात पुरेशी ठळक होत नाही. शेजारी शेजारी बनवलेल्या दोन ट्रान्झिस्टरांच्या उंबरठ्यांत फक्त ५ मिलिव्होल्टचा फरक असला, तरी येथे त्यांच्या प्रवाहांत सुमारे १५ टक्के तफावत पडते. मज्जासंस्था असे दोष जुळवून घेते, तशी चिपही घेईल, हा मीड यांचा भरवसा. नेत्रपटलाला तो शोभतो; मोजमाप करणाऱ्या उपकरणाला पुरत नाही. दुसरी किंमत खरखरीची. विवर्धकाची मूळची खरखर निम्मी करायची, तर प्रवाह चौपट लागतो. हृदयाचे क्षीण ठोके ऐकणाऱ्या पेसमेकरची बॅटरी संपली की तो बदलायला शस्त्रक्रिया करावी लागते. तेथे हा हिशेब रुग्णाच्या शरीरावर मांडला जातो. या हिशेबाला पुस्तकात मानाची जागा हवी होती.

तरीही पारडे पुस्तकाच्याच बाजूने झुकते. अंकीय चिपमधल्या कोट्यवधी 'बंद' ट्रान्झिस्टरांतून झिरपून बॅटरी उतरवते ती हीच गळती, आणि घड्याळ वर्षानुवर्षे चालवायला मदत करते तीही हीच. निसर्गनियम एकच, दोष की गुण हे कामावर ठरते. तेव्हा उद्या वर्गात 'बंद' हा शब्द फळ्यावर लिहाल, तेव्हा त्यापुढे 'जवळजवळ' एवढे जरूर जोडा. चौकस विद्यार्थी लगेच विचारील, "म्हणजे किती?" धडा तेथूनच सुरू करावा.