राजकन्येचा कारभार

उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये आमच्या बॅरेकीत भिंतीपलीकडे एक सिंधी अम्मा राहत. दुपारी त्यांच्याकडे पापड लाटायला चार-पाच बायका जमत. आम्ही पोरं लाट्यांच्या आशेनं उंबऱ्यावर बसून असू. हात चालू असताना अम्मा सिंधीमिश्रित हिंदीत गोष्ट सांगत. मोमलची गोष्ट मी तिथंच पहिल्यांदा ऐकली. मोमल ही राजकन्या. तिच्या वडिलांकडे रानडुकराचा एक जादूचा दात होता आणि त्याच्या बळावर त्यांनी आपला खजिना नदीच्या पाण्याखाली लपवला होता. दारात आलेल्या एका जोग्याला मोमलनं भोळेपणानं तो दात देऊन टाकला आणि खजिना गेला. बाप संतापला. तेव्हा तिची बहीण सोमल पुढे झाली. दोघींनी मिळून काक नावाचा मायावी महाल उभा केला. तिथं पाण्याचा भास होई, वाट चुके, नातर नावाची दासी आलेल्याला भलत्याच दिशेला पाठवी. मोमलला वरायला देशोदेशीचे राजे येत आणि जवळचं सगळं तिथंच गमावून परत जात. ती माया ओळखून आत पोचला तो एकटा उमरकोटचा राणो.

पुढे दोघांचं प्रेम, त्याचा संशय, तिची आग, सगळं आहे. पण माझ्या मनात रुतून बसला तो महाल. गेलेला खजिना परत उभा करण्यासाठी दोन बहिणींनी आखलेली ती योजना होती. जागा, माणसं, खर्च, वसुली, सगळा विचार तिच्यात होता. राजकन्या काम करते, हे मला तिथं कळलं.

पुढे वाचायला लागलो आणि दुसऱ्याच राजकन्या भेटायला लागल्या. जुन्या ‘चांदोबा’च्या अंकांतल्या राजकन्या शंकर यांच्या रेखीव चित्रांत गवाक्षात उभ्या असत. कुणीतरी राक्षस मारी, कुणी कोडं सोडवी, आणि शेवटी त्याला अर्धं राज्य आणि राजकन्या मिळे. हे दोन शब्द आपल्या तोंडात इतके जोडीनं बसलेत की राजकन्याही बक्षिसाच्या यादीतली एक वस्तू झाली आहे, हे ऐकताना खटकतही नाही. उरलेलं अर्धं राज्य कोण चालवतं, आणि मिळालेल्या अर्ध्यात ती काय करते, हे विचारायची वेळच येत नाही, कारण गोष्ट तिथं संपलेली असते.

मराठीतल्या अद्भुत कथेबद्दल माझी तक्रार या एकाच जागी आहे. तिनं स्त्रीला सौंदर्य दिलं, शील दिलं, मंत्रशक्तीही दिली. कारभार दिला नाही.

छापील मराठीच्या अगदी पहिल्या पुस्तकांपासून हे दिसतं. बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यात वैजनाथ पंडितांनी मराठीत आणलेली ‘सिंहासन बत्तिशी’ 1814 साली मोडी लिपीत निघाली. विक्रमाचं सिंहासन भोजराजाला सापडतं. तो चढायला जातो की एकेक पुतळी बोलू लागते, विक्रमाचा एकेक गुण सांगते आणि विचारते, हा तुझ्यात आहे का? राजानं कसं असावं, हे त्या बत्तीस जणींना पुरतं ठाऊक आहे. राज्यशास्त्राची खरी जाणकार मंडळी त्याच आहेत. सिंहासन तोलून धरायचं काम त्यांचं, बसणाऱ्याची परीक्षा त्यांची, आणि बसणार मात्र दुसराच कुणी. एकीनंही कधी वर बसून पाहिलं नाही.

आपल्या आख्यानकाव्यांनी राजकन्येला एक अधिकार मात्र मनापासून दिला, निवडीचा. महानुभाव कवी नरेंद्रांच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’पासून एकनाथांच्या ‘रुक्मिणी स्वयंवरा’पर्यंत ही परंपरा केवढी समृद्ध आहे! रुक्मिणी भावाचा हुकूम मोडते, स्वतः पत्र लिहिते, निरोप्या निवडते, पळून जायची जागाही ठरवते. आपल्याकडे लग्न जमावं म्हणून मुलींना हाच ग्रंथ पारायणाला देतात. घरच्यांनी ठरवलेलं स्थळ नाकारणाऱ्या राजकन्येची कथा घरच्यांनीच मुलीच्या हाती द्यावी, यात बायकांनी जपलेलं काही शहाणपण असावं असं मला वाटतं. तरी ही निवड आयुष्यात एकदाच करायची. रथ द्वारकेला पोचला की रुक्मिणीचं लिहिणं थांबतं. खाडिलकरांचं ‘स्वयंवर’ 1916 साली रंगभूमीवर आलं. त्यात रुक्मिणी बालगंधर्वांची होती. त्यांनी तिला जे लावण्य आणि जे सूर दिले त्यांना तोड नाही. मात्र राजकन्या कशी चालते, लाजते, रागावते, याचा नमुना महाराष्ट्रातल्या बायकांनी एका पुरुषाच्या देहावरून उचलला, याची नोंद समीक्षेनं गंभीरपणे घ्यायला हवी.

एकोणिसाव्या शतकातल्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांवर मी फार रेंगाळणार नाही. हळब्यांची ‘मुक्तामाला’ 1861 ची, ‘रत्नप्रभा’ 1866 ची, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ त्याच दशकातली. मुखपृष्ठांवर नावं बायकांची. आत सोसणं बायकांचं आणि हालचाल पुरुषांची. या काळाकडे पाहताना मला महत्त्वाची वाटते ती कादंबरी लिहिणारी नव्हे, तर अशा पुस्तकांची झडती घेणारी बाई. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 1882 साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापली. त्यात शास्त्र-पुराणांबरोबर त्या काळच्या कथा-कादंबऱ्या-नाटकांतल्या स्त्रियांनाही त्यांनी जाब विचारायला उभं केलं, आणि खरा जाब विचारला तो लिहिणाऱ्यांना. स्त्रीचित्रणाची मराठीतली समीक्षा इथून सुरू होते. तिचा सूर पुढच्या प्राध्यापकी समीक्षेला पेलला नाही.

आता स्त्रीराज्याकडे येतो. अंबरनाथकडून पाहिलं की मलंगगड दिसतो. हाजी मलंगबाबांच्या दर्ग्याची कथा सांगताना लोक नल राजाच्या मुलीचाही उल्लेख करतात. राजानं फकिराची परीक्षा पाहायला स्वतःच्या मुलीला पाठवलं, फकिरानं तिला लेक मानलं, आणि तिची कबर त्याच्याजवळच आहे. याच डोंगराशी काही जण मच्छिंद्रनाथांचं नाव जोडतात. आणि मच्छिंद्रनाथ म्हटलं की मैनाकिनीचं स्त्रीराज्य आलंच. धुंडीसुत मालूच्या ‘नवनाथ भक्तिसारा’त हे राज्य पुरुषाविना चालतं. विचार करा, केवढी मोठी कल्पना! शेतं कोण कसत असेल, वेशीवर पहारा कुणाचा, न्यायनिवाडा कसा होत असेल? ओवीकाराला यातलं काही सांगायचं नाही. त्याला सांगायचंय ते मच्छिंद्रनाथ तिथं अडकल्याचं. गोरक्षनाथ कलिंगा नर्तकीच्या ताफ्यात मृदंग वाजवत शिरतो आणि गुरूला सोडवून नेतो. राणीच्या सत्तेचा सगळा अर्थ एका पुरुषाच्या साधनेतला अडथळा एवढाच उरतो.

‘प्रभात’नं 1932 साली ही कथा पडद्यावर आणली. शांतारामबापूंनी स्त्रीराज्याची राणी म्हणून दुर्गा खोट्यांना उभं केलं, शेजारी चित्ता. त्या काळी चांगल्या घरातल्या मुलीनं चित्रपटात यावं की नाही यावर वाद चालू होते, आणि ही बाई चित्त्याशेजारी राणी होऊन बसली होती. ती बैठक पाहिली की पटकथेनं काय ठरवलंय ते क्षणभर विसरायला होतं. पण चित्रपटाचं नावच ‘माया मच्छिंद्र’. बाईचं राज्य म्हणजे भास, डोळे उघडले की नाहीसा होणारा.

चार वर्षांनी याच संस्थेनं, याच दिग्दर्शकानं, याच नटीला घेऊन स्वतःलाच उत्तर दिलं, आणि माझ्या मते आपल्याकडच्या अद्भुतरम्य चित्रपटांतली ती सर्वांत धीट स्त्री आहे. 1936 चा ‘अमरज्योती’ पुण्यात घडला, हिंदीत बोलला. त्यातली सौदामिनी समुद्रावरची बंडखोर आहे. तिचं बंड एका अर्जातून सुरू होतं. आपलं मूल आपल्याजवळ राहावं एवढं ती मागते आणि कायदा तिला नाही म्हणतो. आईचा मुलावर हक्क, हा कौटुंबिक न्यायालयातला प्रश्न इथं तलवारी, गलबतं आणि वादळांच्या मधोमध उभा राहतो. सौदामिनीला मंत्र येत नाही, ती कुणाला मोहात पाडत नाही. तिच्याकडे जहाज आहे, ऐकणारी माणसं आहेत, आणि शत्रू म्हणून तिनं न्यायमंत्री निवडला आहे. त्याच जहाजावर राजकन्या नंदिनी आहे, शांता आपट्यांची, आणि तिच्यासमोर सौदामिनी उभी आहे. एकाच चौकटीत दोन पिढ्यांच्या बायका स्वातंत्र्याबद्दल बोलतात. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या भारतीय चित्रपटात हे घडलं आणि आपण त्याची वाट पुढे नेली नाही, याची मला खरोखर खंत वाटते.

बालरंगभूमीनं ती न्यायला हवी होती. सुधा करमरकरांनी 1959 साली ‘लिटल थिएटर’ सुरू केलं, रत्नाकर मतकरींच्या ‘मधुमंजिरी’पासून. मुलांच्या नाटकाला मोठ्यांच्या नाटकाइतकाच जीव लावायचा, हे या दोघांनी शिकवलं. पण या रंगभूमीवरची सर्वांत ताकदवान बाई कोण, असं कुठल्याही मुलाला विचारा. उत्तर येईल, चेटकीण. मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चिंची चेटकीण आधी दिलीप प्रभावळकरांनी आणि 2018 च्या नव्या प्रयोगात वैभव मांगल्यांनी केली. कल्याणच्या अत्रे रंगमंदिरात मी नातीला हे नाटक दाखवलं. चिंची आली की सगळं सभागृह उसळत होतं. घरी परतताना शहाडच्या पुलावर नातीला विचारलं, तुला कोण व्हायचंय? ती लगेच म्हणाली, चिंची. मला तिचं म्हणणं पटलं. नाटकात बेत आखणारी, हुकूम सोडणारी, स्वतःचं हसू स्वतः हसणारी बाई तीच होती. आपण मुलींसमोर शक्ती ठेवली ती वाकड्या नाकाची आणि पुरुषाच्या आवाजाची. सरळ नाकाच्या राजकन्येला वाट पाहायला बसवलं.

जुन्या कहाण्या मात्र याहून वेगळ्या होत्या, हे सांगायलाच हवं. श्रावणातल्या आटपाट नगरांत राजाला आवडती असते तशी नावडतीही असते, आणि कहाणी चालते नावडतीबरोबर. ती रानात जाते, तिथं तिला नागकन्या-देवकन्या भेटतात, त्या तिला वसा सांगतात. शक्ती एका बाईकडून दुसऱ्या बाईकडे जाते, मध्ये पुरुष गुरू नाही. दुःख एवढंच की शेवटी या शक्तीचं फळ म्हणजे राजानं पुन्हा जवळ घेणं. सरोजिनी बाबर आणि दुर्गा भागवत यांच्यासारख्या अभ्यासकांनी लोककथांचा एवढा साठा नोंदवून ठेवला. नव्या अद्भुत कथेच्या लेखकांनी त्याकडे कच्चा माल म्हणून फार कमी पाहिलं.

बाहेर काय झालं ते थोडक्यात पाहू. उर्सुला ले ग्विन यांनी 1968 साली ‘अर्थसी’ सुरू केली तेव्हा त्यातल्या जादूच्या शाळेत फक्त मुलगे होते. 1990 साली ‘तेहानू’ लिहून त्या स्वतःच्याच जगाकडे परत आल्या आणि एका शेतकऱ्याच्या विधवेच्या स्वयंपाकघरातून त्यांनी तेच जग पुन्हा तपासलं. लेखिकेनं आपली चूक त्याच जगात उतरून दुरुस्त करावी, ही फार मोठी गोष्ट आहे. मियाझाकी यांच्या 1997 च्या ‘प्रिन्सेस मोनोनोके’ या चित्रपटात नावातली राजकन्या रानात वाढलेली आहे, पण मला धरून ठेवते ती एबोशी. ती लोखंडाचं गाव चालवते. कुंटणखान्यातून सोडवून आणलेल्या बायका तिच्या भट्टीचे भाते पायांनी दाबतात, कुष्ठरोगी तिच्यासाठी बंदुका घडवतात. याच भट्टीसाठी ती रान तोडते आणि त्याचं पापही तिच्याच माथी येतं. रेयॉन कारखान्याच्या भोंग्यावर दिवस मोजत वाढलेल्या शहाडच्या माणसाला ती परकी वाटत नाही. कारभार करणाऱ्या बाईला चुका करायचाही हक्क असतो, हे एबोशी दाखवते. ‘बाहुबली’तल्या शिवगामीत त्याची थोडी झलक होती. एका हातावर तान्हं मूल आणि समोर दरबार असं तिचं रूप विसरता येत नाही. पुढच्या भागात मात्र तिची राजकीय बुद्धी सासू-सुनेच्या रुसव्यात हरवली.

आपल्याकडे नमुने नाहीत म्हणून असं झालं, असं कुणी म्हणू नये. अहिल्याबाईंनी 1767 पासून 1795 पर्यंत महेश्वरहून राज्य चालवलं, आणि जमाखर्च हा त्यांच्या राज्याचा कणा होता. वास्तववादी कादंबरीनंही हे केलं आहे. कविता महाजनांच्या ‘ब्र’मध्ये ग्रामपंचायतींच्या सरपंच बायका आहेत, अविश्वासाचे ठराव आहेत, बाई खुर्चीवर बसली की गावात काय काय हलतं त्याचा बारीक हिशोब आहे. त्याच महाजनांनी 2011 साली ‘कुहू’ ही अद्भुताकडे झुकणारी कादंबरी लिहिली. त्यांना आणखी आयुष्य मिळालं असतं तर ‘ब्र’ची नजर आणि ‘कुहू’चं रान त्यांनी एकत्र आणलं असतं, असं मला राहून राहून वाटतं. 2011 पासून महाराष्ट्रातल्या स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. आमच्या नगरपालिका-महापालिकांत पाण्याच्या लाइनीवरून, कचऱ्याच्या ठेक्यावरून बायका भांडतात, फायली वाचतात, काही जणी नवऱ्याच्या मुठीतून सही सोडवून घेतात. मैनाकिनीचं राज्य रोज कसं चालत असेल, हे लिहायला लागणारं सगळं सामान आपल्या डोळ्यांसमोर आहे.

अम्मांच्या गोष्टी पुढे मी पुस्तकात शोधल्या. सिंधी कवी शाह अब्दुल लतीफ यांच्या ‘रिसालो’त मोमल आहे, उमर राजाची राणी व्हायला नकार देऊन स्वतःची ठिगळांची लोई न सोडणारी मारुईही आहे. मारुईची गोष्ट अम्मा क्वचितच सांगत, आणि सांगितली की मलीर हे गावाचं नाव घेताना त्यांचं लाटणं थांबे. शाह लतीफांची मोमल रुसलेल्या राण्याची वाट पाहत दिवे जाळत बसते. तिचा विरह म्हणजे जिवाचा विरह, हे मला कळतं आणि ती कविता थोर आहे यात शंका नाही. पण अम्मांची मोमल तिथं नव्हती. मी लहानपणी अम्मांना एकदा विचारलं होतं, काक महालात राजांकडून नक्की किती पैसे जमले, आणि बापाचा खजिना पुरा भरला का? बाकीच्या बायका हसल्या. अम्मा हसल्या नाहीत. त्यांनी फडताळातून पापडांच्या हिशोबाची वही काढली, गुरुमुखीत लिहिलेली, आणि मला दाखवून म्हणाल्या, सोमलकडे अशीच वही होती. कोण किती हरलं ते ती रोज रात्री लिहायची. मग त्यांनी त्या दिवसाचे पापड मोजायला घेतले.