बुडण्यासाठी बांधलेला विहारपथ

नदीकाठी फिरण्यासाठी रस्ता बांधायचा तर तो कसा असावा? ‘पुराचे पाणी त्यावर येता कामा नये’, असेच उत्तर आपल्यापैकी बहुतेक जण देतील. जर्मनीतील हॅम्बर्ग शहराने मात्र आपल्या जुन्या बंदरात, एल्ब नदीकाठी, अधूनमधून पाण्याखाली जाईल असाच विहारपथ आखला. हा विचार कितपत योग्य ठरला, हे तपासण्यासारखे आहे.

कंटेनरची अवाढव्य जहाजे आली आणि जुने धक्के अपुरे पडू लागले. रिकाम्या होत चाललेल्या या 157 हेक्टर जागेवर ‘हाफेनसिटी’ ही वसाहत वसवण्याचा आराखडा 2000 साली मंजूर झाला. अडचण अशी, की ही जागा शहराच्या मुख्य पूरबांधाबाहेर आहे. समुद्र सुमारे 100 किलोमीटर दूर असला, तरी त्याची भरती दिवसातून दोनदा येथवर पोचते. फेब्रुवारी 1962 मध्ये वादळाने फुगलेली भरती 5.70 मीटरपर्यंत चढली, बांध फुटले आणि शहरातील 315 माणसे दगावली.

नव्या वसाहतीभोवती बांध घालता आला असता. पण मग तिच्यात आणि नदीत भिंत उभी राहिली असती. त्याऐवजी रचनाकारांनी जोते उंच करण्याची जुनीच युक्ती योजली. इमारती आणि रस्ते सुमारे 8 मीटर किंवा त्याहून अधिक उंचीवर आहेत. विहारपथ 4 ते 5.5 मीटरवर, म्हणजे जवळपास जुन्या धक्क्यांच्याच पातळीवर आहे. त्याखाली पाण्यावर तरते धक्के आहेत. ते भरती-ओहोटीबरोबर वर-खाली होतात. जोत्यांच्या पोटात वाहनतळ असून त्यांच्या तोंडाशी पाणी अडवणारी दारे आहेत. पूर आल्यास शहराकडे जाण्यासाठी उंच पूल आहे.

डिसेंबर 2013 च्या वादळात पाणी 6.09 मीटरवर गेले. विहारपथ जिथे 4.5 मीटरवर आहे, तिथे दीड मीटरहून अधिक पाणी असणार. इमारतींची जोती मात्र त्याच्या बरीच वर होती. रचनेची ही बाजू निःसंशय जमली आहे. पाण्याला जागा दिली की ते शत्रू राहत नाही, हे येथे दिसते.

तरीही दोन उणिवा जाणवतात. पहिली, किनारा बहुतांशी दगड-विटांचा आणि उभ्या भिंतींचा राहिला. माणसाला पाण्यापर्यंत उतरता येते, पण चिखल, लव्हाळी आणि त्यांवर जगणारे जीव यांना तेथे फारसा थारा नाही. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी येथे भरती आणि ओहोटी यांच्या पातळ्यांत सुमारे 2 मीटर फरक असे; आज तो साडेतीन मीटरहून अधिक आहे. मोठ्या जहाजांसाठी नदीचे पात्र खोल केले, बांधांनी पूरमैदाने तोडली, ही त्याची प्रमुख कारणे. पायऱ्यांवर बसून आपण ज्या भरतीचे कौतुक करतो, ती काही अंशी माणसानेच वाढवलेली आहे, हे त्या पायऱ्या सांगत नाहीत. शिवाय समुद्राची पातळी वाढत असताना 8 मीटर हे कायमचे उत्तर मानता येणार नाही.

शिक्षकांनी वरील आकडे घेऊन विद्यार्थ्यांकडून किनाऱ्याचा उभा छेद काढून घ्यावा. त्यावर 1962 आणि 2013 च्या पाण्याच्या रेषा आखाव्यात. मग एकच प्रश्न विचारावा : आपल्या गावच्या नदीकाठी काय बुडू द्यावे, आणि काय बुडू देऊ नये?