एकांत आणि विवेक : ‘वॉल्डन’चे एक वाचन

हेन्री डेव्हिड थोरो यांचे ‘वॉल्डन’ (१८५४) केवळ अरण्यवासाचे स्तोत्र म्हणून वाचले, तर त्याचा गाभाच निसटतो. थोरोंची कुटी कॉन्कर्डपासून जेमतेम दीड मैलावर होती. जमीन इमर्सनची होती आणि तळ्यालगत आगगाडी धावत असे. हा एकांत अंतराने नव्हे, निवडीने सिद्ध होतो. इमर्सनच्या १८४१च्या निबंधातील स्वावलंबन येथे रोजच्या जमाखर्चात उतरते : ज्याच्या गरजा थोड्या, त्याचा विवेक गहाण पडत नाही. तळ्याकाठी राहत असतानाच, १८४६मध्ये, कर नाकारून थोरोंनी एक रात्र तुरुंगात काढली, ती याच हिशेबाची परिणती होय.

‘वॉल्डन’ मराठीत आणणाऱ्या दुर्गा भागवतांच्या बाबतीतही ‘ऋतुचक्र’ (१९५६) आणि आणीबाणीतील कारावास (१९७६) हे दोन स्वतंत्र अध्याय मानता येत नाहीत. निसर्गाकडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहणारी लेखिकाच सत्तेपुढे स्वतःच्या शब्दाने उभी राहते.

म्हणूनच ठाणे-भिवंडी रस्त्यावर, खाडीकाठच्या काल्हेरमध्ये, गोदामांच्या रांगांतही ‘वॉल्डन’ अप्रस्तुत ठरत नाही. ते तेथून पळण्याची वाट दाखवीत नाही. साठवलेल्यातले आपल्याला खरोखर किती लागते, एवढेच विचारते.