शेरलॉक चुकतो ती गोष्ट

शेरलॉक होम्स वॉटसनला पहिल्यांदा भेटतो आणि हात मिळवतानाच सांगून टाकतो, की तुम्ही अफगाणिस्तानातून आलात. ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ (१८८७) मधला हा प्रसंग नववीत वाचला तेव्हा मी वेडा झालो होतो. माणूस डॉक्टर दिसतो, पण ताठपणा लष्करी. चेहरा रापलेला, मनगटं गोरी. डावा हात अवघडलेला. म्हणजे अफगाणिस्तान. विषय संपला.

त्या पुस्तकातल्या दुसऱ्या प्रकरणाचं नावच ‘द सायन्स ऑफ डिडक्शन’ आहे. पण हे डिडक्शन नाहीच.

डिडक्शन म्हणजे निगमन. चारने भाग जातो, म्हणजे दोनने जाणारच; इथे चुकायला जागा नाही. इंडक्शन म्हणजे विगमन. आधीच्या पाच शुक्रवारी रिलीजला गोंधळ झाला, म्हणून आजही होईल. बहुतेक होतो, पण हमी नाही. होम्सचं तिसरंच. समोर खुणा आहेत, आणि त्या सगळ्या जुळवणारी एक गोष्ट तो रचतो. अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ चार्ल्स पर्सने हा प्रकार १८७८ मध्ये वेगळा काढून दाखवला आणि पुढे त्याला ‘अबडक्शन’ म्हटलं. (या शब्दाचा रोजचा अर्थ अपहरण. मला तो इथेही लागू वाटतो.) आपल्याकडे मीमांसकांचा देवदत्त आहेच: जाडजूड आहे, दिवसा जेवत नाही, म्हणजे रात्री जेवत असणार. मीमांसक मात्र हे पक्कं ज्ञान मानतात.

होम्सही तसंच मानतो. खरं तर १८७९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत झुलूंशी युद्ध झालं होतं. तिथून जखमी होऊन परतलेला डॉक्टरही असाच रापलेला दिसला असता. होम्स बरोबर ठरतो, कारण कॉनन डॉईलने तसं लिहिलंय. बीबीसीच्या मालिकेत तर त्याचे निष्कर्ष अक्षरं होऊन हवेत तरंगतात. स्क्रीनवर अक्षरं उमटली की कोण शंका घेणार?

मीही घेतली नाही. आमच्या टीममध्ये नुकत्याच आलेल्या एका मुलाने संध्याकाळी पाच वीसला कोड डेप्लॉय केला. साडेपाचला पेमेंट अडकायला लागली. मी ग्रुपवर त्याचं नाव टाकून लिहिलं, ‘तुझ्या चेंजमुळे झालंय.’ मग रोलबॅक केलं. एरर तशाच. तासाभराने कळलं, की एका सर्टिफिकेटची मुदत नेमकी साडेपाचला संपली होती. ते रिन्यू करायची आठवण माझ्याच मेलबॉक्समध्ये पडून होती.

त्या आठवड्यात मी ‘द यलो फेस’ (१८९३) पुन्हा वाचली. ग्रँट मन्रोची बायको त्याच्यापासून काहीतरी लपवतेय. जवळच्या घराच्या खिडकीत एक पिवळा, निर्जीव चेहरा दिसतो. तिचा पहिला नवरा अमेरिकेत वारलेला. होम्सची गोष्ट तयार: तो नवरा जिवंत आहे आणि तिला ब्लॅकमेल करतोय. वॉटसन म्हणतो, हे सगळे अंदाज आहेत. त्यावर होम्सचं उत्तर साधारण असं, की निदान सगळ्या खुणा यात बसतात तरी. माझ्याही बसल्या होत्या.

घरात निघते तिची लहान मुलगी, मुखवटा घातलेली. पहिला नवरा कृष्णवर्णीय होता. मुलीला पाहून मन्रो सोडून जाईल, या भीतीने आईने तिला लपवलेलं. मन्रो मुलीला उचलून घेतो.

होम्सचं निरीक्षण इथे कमी पडत नाही. त्याच्या डोक्यातली शक्यतांची यादीच तोकडी आहे. बाई लपवते म्हणजे पुरुष, पैसा, गुन्हा; यादीत आई नाहीच. सगळ्यात चांगलं स्पष्टीकरण म्हणजे आपल्याला सुचलेल्यांपैकी चांगलं, आणि काय सुचेल हे आपल्या पूर्वग्रहांवर ठरतं. मला नवा मुलगा सुचला, स्वतःचा मेलबॉक्स सुचला नाही. डॉईलचीही यादी कुठेतरी संपतेच: मूल बापाच्या वळणावर गेलं हे आई दुर्दैव म्हणून सांगते, आणि कथा तिला अडवत नाही.

शेवटी होम्स वॉटसनला सांगतो, की मी फार आत्मविश्वासाने बोलायला लागलो तर माझ्या कानात ‘नॉरबरी’ म्हण. मन्रोच्या गावाचं नाव. एवढ्यावर तो सुटतो. चुकीचा आरोप आपल्या वाट्याला आलाय, हे मन्रोच्या बायकोला कळतही नाही.

मी ग्रुपवरच माफी मागितली. ‘चालतंय दादा,’ असं त्याचं उत्तर आलं. त्यानंतर दोन महिने तो प्रत्येक डेप्लॉयआधी मला मेसेज करायचा, ‘करू ना?’