टॅबला उजवा हात नसतो

गिटारची टॅब वाचायला एक दुपार पुरते. सहा आडव्या रेषा म्हणजे सहा तारा, रेषेवरचा आकडा म्हणजे फ्रेट, शून्य म्हणजे मोकळी तार. एकच गोष्ट सुरुवातीला उलटी वाटते: सगळ्यात खालची रेषा ही सगळ्यात जाड तार असते, म्हणजे गिटार मांडीवर घेतली की जी वर, आपल्याजवळ येते ती. एवढं डोक्यात बसलं की आकडे बघत बोटं पडायला लागतात. स्टाफ नोटेशनशी महिनोन्‌महिने झगडणाऱ्यांना ही चैन वाटते आणि मग 'टॅब म्हणजे आळशांची लिपी' असा शेरा ऐकू येतो.

हा शेरा मला पटत नाही. टॅब इंटरनेटनं जन्माला घातलेली नाही. १५०७ साली व्हेनिसमध्ये पेत्रुच्ची या मुद्रकानं ल्यूटसाठी टॅब्लेचरची पुस्तकं छापली. १५३६ साली स्पेनमध्ये लुईस मिलानचं 'एल माएस्त्रो' आलं, तेही विहुएला या गिटारच्या जुन्या भावंडाच्या टॅब्लेचरमध्ये. पाचशे वर्षं टिकलेली लिपी आळसावर टिकत नाही.

तिच्यात एक अक्कल आहे. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये पहिली तार मोकळी छेडली की जो स्वर येतो, तोच दुसऱ्या तारेच्या पाचव्या, तिसऱ्या तारेच्या नवव्या आणि चौथ्या तारेच्या चौदाव्या फ्रेटवरही मिळतो. स्वर तोच, पण आवाजाचा पोत वेगळा. पातळ मोकळी तार लखलखीत वाजते, जाड तारेवर वरच्या फ्रेटला तोच स्वर भरीव होतो. स्टाफ नोटेशन 'काय वाजवायचं' ते सांगतं. 'कुठे' हे बहुतेक वेळा वादकावर सोडतं. टॅब नेमकं 'कुठे' ते सांगते.

मग खरी उणीव कोणती? काळ. पेत्रुच्चीच्या पानांवर आकड्यांच्या वर लयीच्या खुणा असायच्या. कीबोर्डवर टाइप केलेल्या आजच्या साध्या टॅबमध्ये त्या बहुतेक वेळा गळतात. उरतात आकडे आणि मधल्या आडव्या रेघा. रेघा लांब म्हणजे थांबा, एवढा अंदाज करायचा. त्यातही मोबाईलच्या अरुंद पडद्यावर ओळ मध्येच मोडते, वरखालचे आकडे एकमेकांखालून सरकतात आणि कोणत्या दोन तारा एकत्र वाजवायच्या तेही कळेनासं होतं.

इथे भातखंड्यांची स्वरलिपी आठवते. पेटी शिकलेल्यांनी ती पाहिली असेल. तिथे आधी तालाचा सांगाडा असतो: सम, खाली, विभाग, मात्रा. मग त्या घरांत स्वर बसतात. बोट कुठे ठेवायचं याबद्दल ती काही बोलत नाही, कारण ती कोणत्या एका वाद्याची नाही. साधी टॅब बरोबर उलटी आहे: बोट पक्कं, मात्रा बेपत्ता. गंमत म्हणजे मींड कशी घ्यायची, ती किती रेंगाळवायची, हे स्वरलिपीही पुरतं सांगू शकत नाही. टॅबमधला बेंडही तसाच. तार दोन फ्रेटएवढी ताणायची हे कळतं, किती सावकाश ते कळत नाही. एकीनं समोर गुरू गृहीत धरलाय, दुसरीनं कानात रेकॉर्डिंग.

दुसरी उणीव कमी बोलली जाते. साध्या टॅबला उजवा हात नसतो. डीप पर्पलच्या 'स्मोक ऑन द वॉटर' या १९७२च्या गाण्याची सुरुवात नवशिके एका तारेवर वाजवतात. तशा टॅबही भरपूर सापडतात. रिची ब्लॅकमोर मात्र ती दोन तारांवर वाजवतो आणि पिकऐवजी बोटांनी दोन्ही तारा एकदम खेचतो. पिक एका तारेवरून दुसरीवर जातं, त्यात बारीकसा उशीर होतो. बोटांनी खेचल्यावर तो नसतो. चांगल्या टॅबमध्ये दोन आकडे एकाखाली एक दिसतील. ते खेचायचे कसे, ते त्या आकड्यांत नाही.

म्हणून कोणतीही टॅब हे कुणाच्या तरी कानानं केलेलं वाचन आहे, हे विसरू नये. तो कान चुकलेला असू शकतो. एका टॅबवरून दुसरी उतरवली जाते, चूकही सोबत जाते, आणि दहा ठिकाणी तेच आकडे दिसले की आपण त्यांना पुरावा समजतो.

आपोआप सरकणाऱ्या, फ्रेट उजळून दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये लय परत आली आहे, हे खरं. पण तिथे डोळे इतके गुंततात की कान सुट्टीवर जातो. गाणं येतं, मात्र पडदा बंद केला की बोटं थांबतात. टॅब वाचायला हरकत काहीच नाही. तिचा क्रम तेवढा बदलावा. आधी गाणं पायानं ठेका धरत ऐकावं. मग आकड्यांवर स्वतःच्या हातानं एक-दोन-तीन-चार लिहावं. एखादी जागा हाताला अवघड जात असेल तर तोच स्वर दुसऱ्या तारेवर शोधावा आणि रेकॉर्डिंगशी ताडून बघावा.

आणि एकदा तरी, आवडत्या गाण्याच्या चार मात्रांची टॅब कुणाचीही न बघता, फक्त ऐकून लिहावी. तासभर जाईल, चारदा खोडावं लागेल. पण कोणता आकडा ऐकून लिहिलाय आणि कोणता अंदाजानं, हे त्यानंतर दुसऱ्याच्या टॅबमध्येही ओळखू यायला लागतं.