भिंतीवरची बंदूक

दिवाळीच्या चार दिवसांत महाराष्ट्रातल्या बहुतेक पोरांच्या हाती एकदा तरी बंदूक येते. ती पत्र्याची असते, तिच्यात लाल टिकल्यांची गुंडाळी घालायची असते, आणि भाऊबीज उजाडेपर्यंत तिचा घोडा मोडलेला असतो. पुढे साऱ्या आयुष्यात यांपैकी फार थोड्यांना खरी बंदूक हाती धरायला मिळते. आमचे लेखकही याच पोरांतून निघतात. त्यामुळे मराठी कथा-कादंबऱ्यांतल्या बंदुका पुष्कळदा त्या पत्र्याच्या बंदुकीसारख्याच असतात. आवाज होतो, दारूचा वास येतो, परंतु वजन काही जाणवत नाही. हे मी दुसऱ्या कोणाला टोचावे म्हणून लिहीत नाही. या गुन्ह्यातला पहिला आरोपी मीच आहे.

माझ्या एका कादंबरीत सुट्टीवर आलेला जवान आहे. पहिल्याच प्रकरणात तो आपली रायफल शिवछत्रपतींच्या तसबिरीशेजारी खुंटीला अडकवतो, आणि शेवटच्या प्रकरणात, सावकार दारात उभा असताना, ती खाली काढतो. पहिल्या अंकात भिंतीवर बंदूक दाखवली तर पुढे ती उडालीच पाहिजे, असे चेकॉव्ह सांगून गेला आहे. तो नियम मी इमानेइतबारे पाळला होता. पुस्तक गावातल्या एका वृद्ध निवृत्त हवालदारांना वाचायला दिले. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो. आठवड्याने त्यांनी ते परत आणून दिले.

"गुरुजी, गोष्ट झकास जमलीय," ते म्हणाले, "पण तुमच्या जवानाचं पहिल्याच पानावर कोर्टमार्शल होणार."

"का हो तात्या?"

"अहो, रायफल घरी आणलीन ना त्यानं! सुट्टीवर निघायच्या आधी ती कोतात जमा होते. सही घेतल्याशिवाय तिथनं ती हालत नाही. आमच्या लग्नाची तिथी मी विसरंन, पण माझ्या पहिल्या रायफलीचा बट नंबर अजून पाठ आहे. ती माझी होती म्हणून नव्हे, गुरुजी. ती सरकारची होती म्हणून!"

मी ओशाळलो. आमच्या नगर जिल्ह्यातल्या माणसाने तरी ही चूक करू नये. अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, रणगाडा दलाचे शिक्षणकेंद्र आहे, यांत्रिक पायदळाचे केंद्र आहे, रणगाड्यांचे संग्रहालय आहे. शाळेची सहल तिथे नेली की मुले रणगाड्यांपुढून हलत नाहीत. आणखी मागे गेले, तर विजापूरच्या बुरुजावरची मलिक-ए-मैदान ही प्रचंड तोफ १५४९ साली ओतली गेली ती याच नगरात. १८०३ च्या ऑगस्टमध्ये वेलस्लीने तोफा लावून नगरचा किल्ला घेतला, आणि १९४२ साली त्याच किल्ल्यात इंग्रजांनी नेहरू, आझाद आणि त्यांचे सहकारी कोंडून ठेवले. शस्त्रे ओतली गेली, चालली आणि जमा झाली, अशा गावचा मी लेखक. तरी मला जवानाची रायफल रात्री कुठे असते हे ठाऊक नव्हते. असे का व्हावे?

या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो तेव्हा ध्यानात आले की आपल्या वाङ्मयाला तोफ ठाऊक आहे, तलवार तर फारच ठाऊक आहे, पण बंदूक ठाऊक नाही. पानिपतावर मराठीत जेवढे लिहिले गेले तेवढे क्वचितच दुसऱ्या लढाईवर लिहिले गेले असेल. विश्वास पाटलांच्या १९८८ च्या 'पानिपत' कादंबरीत इब्राहिमखान गारदी आणि त्याचा तोफखाना मोठ्या ताकदीने उभा राहतो. परंतु त्या खानाच्या पलटणींतल्या साध्या गारद्याची बंदूक कशी ठासली जाई, किती वेळाने पुन्हा उडे, याची आम्हां वाचकांना एरवी चौकशीच नसते. 'गनिमी कावा की समोरासमोरची लढाई' हा वाद आम्ही पिढ्यान्‌पिढ्या घातला. त्या वादाचा अर्धा निकाल ज्या हत्याराच्या पल्ल्यावर अवलंबून होता, त्या हत्याराला मात्र कोणी साक्षीला बोलावले नाही.

हा अपवाद वाटावा असा एक ग्रंथ म्हणजे गोडसे भटजींचा 'माझा प्रवास'. दक्षिणा मिळवावी म्हणून वरसईहून उत्तरेत गेलेला हा भिक्षुक ब्राह्मण १८५८ च्या वेढ्यात झाशीत अडकला. वेढ्यातले दिवस आणि शहर पडल्यानंतरची लूट त्याने डोळ्यांनी पाहिली. वीररस आणण्याची त्याला गरज नव्हती आणि ऐपतही नव्हती. म्हणूनच त्याच्या लिहिण्यातली भीती खरी आहे. बंदुकीविषयी लिहिण्याची उत्तम जागा कोणती, असे मला विचाराल तर मी म्हणेन, तिच्या मागची नव्हे, तिच्या समोरची.

भटजींना ज्या बंडाने गाठले त्याच्या मुळाशीही एक रायफलच होती. जुन्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असे आणि शंभर यार्डांपलीकडे तिच्या नेमाचा भरवसा नसे. १८५३ च्या नमुन्याच्या एनफिल्डच्या नळीत मात्र पिळाचे खाचे होते. त्या खाच्यांमुळे गोळी भोवऱ्यासारखी स्वतःभोवती फिरत सरळ जाई आणि पल्ला कितीतरी पटींनी वाढे. तिच्या काडतुसाचा कागद दातांनी फोडायचा होता, आणि त्यावरच्या चरबीचा इतिहास शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. पुढची गोष्ट मात्र आपण मुलांना सांगत नाही. बंड मोडल्यावर इंग्रजांनी हिंदी शिपायांसाठी मुद्दाम बिनखाच्यांच्या बंदुका करवून घेतल्या. त्यानंतर कित्येक वर्षे गोऱ्या सोल्जराच्या हाती नवी रायफल आली की त्याची उतरलेली जुनी हिंदी शिपायाला मिळे. नळीतल्या तीन खाच्यांचा हिशेब ठेवणारे राज्य होते ते!

आणि १८७८ साली लिटनच्या अमदानीत हत्यारांचा कायदा आला. हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना लागू लागला, युरोपियनाला लागेना. मराठी कादंबरी बाळसे धरीत होती ती नेमकी याच काळात. घराघरांतून बंदूक निघून गेली, आणि ज्या वस्तू घरात असतात त्यांवरच कादंबरी जगते. जाते, पाटा, दौत, पोथी आमच्या कादंबरीत आली. बंदूक आली नाही. जी वस्तू दिसत नाही ती हळूहळू अलंकार होऊन बसते. तसेच तिचेही झाले.

याचा अर्थ महाराष्ट्रात गोळी सुटलीच नाही असा नव्हे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनला ठार केले. हातातले ब्राउनिंग पिस्तूल सावरकरांनी लंडनहून पाठवलेल्या वीसांपैकी एक होते, आणि त्या रात्रीचे नाटक होते देवलांचे 'शारदा'. एकीकडे म्हाताऱ्या नवऱ्याशी लग्न ठरलेल्या मुलीचे दुःख, दुसरीकडे अठरा वर्षांच्या पोराच्या खिशातले थंड लोखंड. मराठी रंगभूमी आणि खरे शस्त्र इतक्या जवळ पुन्हा कधी आले नाहीत.

ज्यांनी ती पिस्तुले पाठवली तेच १९३८ साली मुंबईच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि लेखण्या टाकून बंदुका हाती घ्या, असा उपदेश त्यांनी जमलेल्या साहित्यिकांना केला. त्या वाक्यावर तेव्हापासून आजवर वादविवाद चालू आहेत. मला त्या वादात एकच गोष्ट खटकते. उपदेश करणाऱ्याला बंदूक म्हणजे काय हे ठाऊक होते. ती कुठे मिळते, कशी लपवावी लागते, तिच्यापायी कोण फासावर जातो, हे सारे त्यांनी भोगले होते. ऐकणाऱ्या आणि पुढे ते वाक्य घोकणाऱ्या आम्हां लेखकांना मात्र ते ठाऊक नव्हते. त्यांच्या तोंडी ती वस्तू होती. आमच्या तोंडी ती उपमा झाली. पुढच्याच वर्षी विश्राम बेडेकरांचे 'रणांगण' निघाले. नाव रणांगण, पण सारी कथा बोटीवरची, आणि युद्धाची चाहूल लागलेल्या माणसांची. महायुद्ध त्या पुस्तकात ज्या थंडपणाने अंगाला भिडते तसे ते शंभर बंदुका उडवूनही भिडले नसते. अण्णाभाऊ साठ्यांच्या १९५९ च्या 'फकिरा'त नायकाच्या हाती तलवार आहे आणि सरकारच्या हाती बंदूक. कोणाकडे कोणते हत्यार, एवढ्यावरच त्या दोघांतला सामना किती विषम आहे हे कळते. या दोन्ही लेखकांनी बंदुकीला तिच्या जागी ठेवले. मी ती खुंटीला टांगली.

तात्यांपुढे मी एकदा माझा बचावही करून पाहिला. म्हटले, "तात्या, स्वित्झर्लंडमध्ये माझं पहिलं प्रकरण अगदी बरोबर ठरलं असतं." तिथे नागरिकच सैनिक असतो आणि सरकारी रायफल घरी ठेवण्याची चाल आहे. २०११ साली या रायफली सरकारी कोठारात ठेवाव्यात की काय यावर तिथे सार्वमत झाले, आणि लोकांनी 'नको' म्हटले. अमेरिकेत तर शस्त्राचा हक्क १७९१ पासून घटनेतच आहे. २०१७ सालच्या एका अंदाजानुसार तिथे दर शंभर माणसांमागे सुमारे १२० बंदुका होत्या. आपल्याकडे सुमारे ५. जपानात याच्या उलट; १५८८ साली हिदेयोशीने शेतकऱ्यांच्या तलवारी गोळा केल्या, आणि आजही तिथे बंदूक बाळगणे महाकठीण आहे. ब्रिटनमध्ये १९९६ साली डनब्लेनच्या शाळेत एका माणसाने १६ मुले आणि त्यांची शिक्षिका मारली. पुढच्या वर्षी कायद्याने नागरिकांची पिस्तुले काढून घेतली गेली. वर्गाच्या दारात उभा राहून हजेरी घेणाऱ्या माणसाला ही बातमी इतिहास म्हणून वाचता येत नाही. आणि लांब कशाला, शेजारच्या कर्नाटकातल्या कोडवा लोकांना आजही परवान्यातून सूट आहे. तिथे बंदूक घरच्या देवाइतकी मानाची.

तात्यांनी हे सारे ऐकून घेतले आणि विचारले, "मग आपलं कसं काय, गुरुजी?"

आपले असे, की ते सोपे नाही. १८७८ च्या कायद्यात बदल करावा असा ठराव काँग्रेसने १८८७ सालीच मद्रासला केला होता. साऱ्या राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा इंग्रजांच्या काळ्या कृत्यांत गणला जाईल, असे अहिंसेचा पुरस्कार करणाऱ्या गांधीजींनीच लिहिले. म्हणजे आपल्या बापजाद्यांना रिकामी भिंत हा अपमान वाटत होता. पण स्वराज्य आल्यावर १९५९ साली आपण स्वतःचा कायदा केला, आणि परवाना राहिलाच. गोरा-काळा भेद तेवढा गेला. २०१९ च्या दुरुस्तीने तर एका परवान्यावरच्या बंदुका तीनांवरून दोनांवर आणल्या. निवडणुका आल्या की आमच्या तालुक्यातल्या परवानेवाल्यांनाही बंदुका ठाण्यात जमा करण्याचे हुकूम निघतात. एकेकाळी लादलेली रिकामी भिंत आपण पुढे राजीखुशीने रिकामी ठेवली. या एका भिंतीत अपमान आहे आणि शहाणपणही आहे. दोन्ही एकाच वेळी दाखवील अशी मराठी कादंबरी मी अजून वाचलेली नाही. लिहिलेली तर मुळीच नाही.

शहाणपणाची किंमतही मोजावी लागते. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईच्या रेल्वे टर्मिनसवर आपले पोलीस जुन्या थ्री नॉट थ्री रायफली घेऊन उभे होते. तो १९०७ चा नमुना, आणि समोर एके-४७. त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळ्यांनी रोखलेल्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरली आणि गोळ्या अंगावर घेतल्या. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. लेखणी मोडा की बंदूक घ्या या वादात ओंबळ्यांना जागाच नाही. त्यांच्या हाती दोन्ही नव्हते.

म्हणून लेखकमित्रांना माझी विनंती एवढीच आहे. बंदूक लिहायची तर तिचे वजन विचारून घ्या, ती कोणाची आहे हे विचारा, आणि रात्री ती कुठे ठेवली जाते तेही विचारा. या तीन प्रश्नांच्या उत्तरांत देश, कायदा आणि माणूस असे तिघेही सापडतात. माझ्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघण्याचा योग अजून आलेला नाही. आलाच, तर ती खुंटी मी रिकामी ठेवणार आहे. सावकाराचे काय करायचे ते पाहू.

गेल्या दिवाळीत तात्यांच्या ओट्यावर बसलो होतो. त्यांचा पाच वर्षांचा पणतू टिकल्यांची बंदूक घेऊन धावत आला आणि माझ्या छातीवर ती रोखून 'हँड्सअप' म्हणाला. मी हात वर केले. तात्या हसले नाहीत. त्यांनी दोन बोटांनी ती पत्र्याची नळी हळूच जमिनीकडे वळवली.

"भरलेली असो, नसो," ते म्हणाले, "माणसावर नाही रोखायची, बाळा."

पोराने नळी खाली धरून ओट्याच्या फरशीवर बार काढला. मी हात खाली घेतले, आणि तात्यांनी माझ्यापुढे चकल्यांची बशी सरकवली.