‘पे बॅक टू सोसायटी’ : परतफेड की बंधुता?

आजचं व्याख्यान आम्ही एका शब्दप्रयोगावर ठेवलं आहे. ‘पे बॅक टू सोसायटी’. अंबरनाथ पूर्वेत राहणाऱ्या माणसाला हे शब्द नवे नाहीत. १४ एप्रिलच्या बॅनरवर, वह्यावाटपाच्या कार्यक्रमात, नोकरीला लागलेल्या मुलाच्या सत्कारात ते हमखास ऐकू येतात. समाजाच्या जोरावर शिकलात, आता समाजाला परत द्या, असा त्यांचा साधा अर्थ. तो वापरणाऱ्यांच्या हेतूबद्दल आम्हाला शंका नाही. पण शब्द आपल्या हेतूवर थांबत नाहीत. ते आपल्याला एका नात्यात उभं करतात. हे नातं कोणतं, ते योग्य आहे का, एवढंच आज तपासायचं आहे.

तुलनेसाठी अमेरिकेतल्या काळ्या विद्यार्थ्यांच्या संस्था घेऊ. त्यांना फ्रॅटर्निटी आणि सोरॉरिटी म्हणतात. आपल्या भाषेत बंधुमंडळ आणि भगिनीमंडळ. नावं ग्रीक अक्षरांची. १९०६ साली कॉर्नेल विद्यापीठात ‘अल्फा फाय अल्फा’ निघाली. गोऱ्यांच्या विद्यापीठात मूठभर काळी मुलं. टिकून राहायचं तर एकमेकांना धरून राहणं भाग होतं. त्यातून ती उभी राहिली. १९०८ मध्ये हॉवर्ड विद्यापीठात ‘अल्फा कॅपा अल्फा’ हे मुलींचं मंडळ आलं, १९१३ मध्ये ‘डेल्टा सिग्मा थीटा’. डेल्टाच्या मुलींनी स्थापनेनंतर दोन महिन्यांत वॉशिंग्टनमधल्या स्त्रीमताधिकाराच्या मोर्चात भाग घेतला. त्याच वर्षी, जुलैमध्ये, बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकायला न्यूयॉर्कला उतरले.

या मंडळांची एक गोष्ट ध्यानात ठेवा. पदवी मिळाली म्हणून सभासदत्व संपत नाही. शहराशहरात पदवीधरांच्या शाखा असतात, आणि साठीतली बाईसुद्धा आपल्या शाखेच्या बैठकीला जाते. म्हणजे सेवा करायची ती आज जिथं राहतो तिथं, आणि वर्षभर.

आता एक उदाहरण बघा. १९३५ च्या उन्हाळ्यात अल्फा कॅपा अल्फाच्या स्त्रिया डॉ. डोरोथी फेरेबी यांच्या नेतृत्वाखाली मिसिसिपी राज्यातल्या होम्स काउंटीत गेल्या. कापसाच्या मळ्यांवर बटईनं राबणाऱ्या काळ्या कुटुंबांसाठी दवाखाने चालवायचे, मुलांना लसी टोचायच्या, हा बेत. पण मळेवाले आपल्या माणसांना दवाखान्यात जाऊच देईनात. मग या बायकांनी स्वतःच्या मोटारींचेच दवाखाने केले आणि त्या मळ्यांवर गेल्या. पुढे अनेक उन्हाळे हे काम चाललं. हजारो मुलांना लसी मिळाल्या.

आम्हाला यातलं महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. मळ्यावर गेल्यावर त्यांना दिसलं की रोगाचं मूळ अन्नात आहे, झोपडीत आहे, बटईच्या हिशेबात आहे. टोचून ते जाणार नाही. तेव्हा याच संघटनेनं १९३८ मध्ये वॉशिंग्टनला एक परिषद उभी केली. कायदे करणाऱ्यांच्या मागे लागणं, हे तिचं काम. सेवेतून कारण कळलं आणि कारण कळल्यावर मागणी आली. सेवा खरी की दिखाऊ, हे ओळखायची ही एक कसोटी आम्ही आज आपल्यापुढे ठेवतो.

सगळंच काही असं उजळ नव्हतं. या मंडळांत निमंत्रणाशिवाय प्रवेश नाही. नव्या सभासदांच्या छळाचे प्रकार घडले, काहींचे जीवही गेले. समाजशास्त्रज्ञ ई. फ्रँकलिन फ्रेझर यांचं ‘ब्लॅक बुर्झ्वाझी’ हे पुस्तक इंग्रजीत १९५७ मध्ये आलं. त्यात त्यांनी काळ्या मध्यमवर्गाला सोलून काढलं आहे. गोऱ्यांच्या जगात मान नाही, म्हणून आपल्यातच मेजवान्या, पोशाख आणि पदव्यांचा थाट मांडायचा. आणि या थाटाचं एक ठिकाण म्हणजे ही मंडळं, असा त्यांचा आरोप. आम्हाला तो एकांगी वाटतो, कारण मिसिसिपीच्या मळ्यावर मोटार नेणारी बाईही त्याच वर्गातली होती. पण तो खोटा म्हणता येत नाही.

त्याआधीच, १९४८ मध्ये, डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस हे अशाच एका बंधुमंडळापुढे, ‘सिग्मा पाय फाय’पुढे, बोलले. १९०३ मध्ये त्यांनीच म्हटलं होतं की काळ्यांमधला हुशार दहावा हिस्सा शिकवा, तो बाकीच्यांना वर काढेल. पंचेचाळीस वर्षांनी, त्या हिश्श्यातल्याच माणसांसमोर उभं राहून ते म्हणाले की ज्ञानाबरोबर त्याग आपोआप येईल असं आम्ही धरून चाललो, माणसाचा स्वार्थ हिशेबात घेतला नाही. हेच ते ड्यू बॉइस, ज्यांना १९४६ मध्ये बाबासाहेबांनी पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या काळ्यांच्या निवेदनाबद्दल विचारलं होतं. आणि बाबासाहेबांचं स्वतःचं काय? १८ मार्च १९५६ ला आग्र्याच्या सभेत त्यांनी शिकलेल्या लोकांनी आपल्याला दगा दिला, अशी खंत बोलून दाखवली. दोन देशांतल्या दोन थोर माणसांची निराशा एकच आहे.

या निराशेला आपल्याकडे जे संघटित उत्तर मिळालं, ते बामसेफचं. कांशीराम पुण्यात संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. ६ डिसेंबर १९७८ ला बामसेफची रीतसर स्थापना झाली. सरकारी नोकरांना उघड राजकारण करता येत नाही. मग त्यांनी आपली बुद्धी, वेळ आणि पैसा समाजाला द्यावा, ही कल्पना. ‘पे बॅक टू सोसायटी’ हे तिचं ब्रीद. त्यानं हजारो कारकून, तंत्रज्ञ, शिक्षक, रेल्वे कर्मचारी यांना जागं केलं. कर्तव्याला नाव नसेल तर माणूस ते सहज विसरतो. कांशीरामांनी नाव दिलं, हे त्यांचं मोठं श्रेय.

पण हे नाव कर्जाचं आहे. कर्जाला रक्कम असते, आणि ती फिटली की नातं संपतं. एकदा शंभर वह्या वाटल्या, रक्तदान केलं, की मन म्हणतं, झालं. दुसरी गंमत अशी की कर्ज फेडणाऱ्याचा सत्कार कुणी करत नाही. बँकेत हप्ता भरला म्हणून मॅनेजर शाल-श्रीफळ देतो का? इथं मात्र फेडणारा व्यासपीठावर बसतो, आणि ज्यांच्या कष्टावर तो शिकला ते खाली सतरंजीवर, हात पुढे करून. म्हणजे तोंडानं ऋणको म्हणवायचं आणि बसायचं दात्याच्या खुर्चीवर. ऋणाची भाषा आपल्या परंपरेत जुनीच आहे. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण आपण ऐकत आलो. त्या यादीत समाजऋण जोडलं की ते पवित्र वाटू लागतं, प्रश्न मात्र तसाच राहतो.

तिसरा दोष आम्हाला सगळ्यात मोठा वाटतो. परतफेडीला आधी मिळकत लागते. आधी पदवी, मग नोकरी, मग समाज. पण आपला इतिहास काय सांगतो? जाईबाई चौधरी नागपूर-कामठीच्या बाजूला डोक्यावर ओझी वाहत होत्या. एका मिशनरी बाईमुळे त्या शिकल्या. शिक्षिकेची नोकरी लागली, तर अस्पृश्य म्हणून लोकांनी बहिष्कार घातला आणि ती गेली. त्यावर त्यांनी १९२० च्या दशकात नागपुरात चोखामेळ्याच्या नावानं मुलींची शाळाच काढली. त्यांच्याकडे परत द्यायला होतं काय? ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे १९८९ चं पुस्तक उघडा. त्यातल्या कितीतरी बायका हातात काही येण्याआधीच चळवळीत उतरल्या होत्या.

किंवा घराजवळचं बघा. बौद्धजन पंचायत समितीच्या शाखा, कोकणातल्या गावोगावची मुंबईकर मंडळं. वर्गणी प्रत्येकाची. लग्नात, मयतीला, आजारपणात मंडळ धावतं. आज जो देतो तो उद्या घेतो, आणि त्यात कुणाला संकोच नसतो. अमेरिकेतल्या त्या शाखांशी आपलं खरं साम्य असेल तर ते इथं आहे. हे नातं सभासदत्वाचं आहे. ते फिटत नाही, कारण ते कर्जच नव्हे.

इथं कुणी म्हणेल, सर, जातसुद्धा असंच करते. प्रत्येक जात आपल्या माणसासाठी धावते. आक्षेप रास्त आहे. १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये बाबासाहेबांनी हेच म्हटलं आहे की जातीनं सद्गुणालाच कुंपण घातलं; दया आहे, पण जातीपुरती. आणि २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत ते बंधुता म्हणाले, ती सर्व भारतीयांमधली. इंग्रजीत त्यांचा शब्द होता फ्रॅटर्निटी. तोच शब्द त्या विद्यार्थी मंडळांच्या माथ्यावर आहे. एकाच शब्दात निवडक मंडळही मावतं आणि अख्खा देशही. मंडळ कोणत्या बाजूला चाललं आहे, हे कसं ओळखायचं? त्याच्या सेवेतून निघालेली मागणी मंडळाबाहेरच्या माणसालाही लागू पडते का, ते बघायचं. मळेवाल्याच्या हिशेबाविरुद्धची मागणी प्रत्येक बटईदाराच्या उपयोगाची असते.

आता अंबरनाथात या. परतफेडीची सगळी कल्पना कायम नोकरीवर उभी होती. ऑर्डनन्स फॅक्टरी, रेल्वे, नगरपालिका. तो पाया खचतो आहे. ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांच्या २०२१ मध्ये कंपन्या झाल्या. आनंदनगर एमआयडीसीत आपली मुलं कंत्राटावर लागतात. ती कशाची परतफेड करणार? त्यांना दाते म्हणून बोलवाल तर ती येणार नाहीत. सभासद म्हणून बोलवाल तर येतील.

म्हणून वह्यावाटप बंद करा असं आम्ही म्हणत नाही. वही द्याच. पण वही देताना त्या मुलाच्या घरी जाऊन बसा. बापाला ईएसआयचं कार्ड आहे का, पीएफ कापला जातो तो भरला जातो का, हे विचारा. शिवमंदिराजवळून वाहणाऱ्या वालधुनीचं पाणी काय झालं आहे ते त्या वस्तीला रोज दिसतं, त्याबद्दल त्यांच्याकडून ऐका. अभ्यासिका असेल तर तिच्या समितीत अधिकाऱ्याबरोबर त्या मुलाच्या आईलाही घ्या, वर्गणी दहा रुपये का होईना तिच्याकडूनही घ्या. मग पुढच्या १४ एप्रिलला व्यासपीठावर कुणाला बसवायचं, हा वाद आपोआप हलका होईल.

आम्ही इथं थांबतो. आपल्यात बामसेफमध्ये काम केलेले काही जण बसले आहेत. त्यांना आमची ही टीका अन्यायाची वाटली असेल, तर पहिला प्रश्न त्यांनी विचारावा.